माळावरचा कारखाना: कुंडलपासून नेवाडापर्यंत आणि परत माणदेशात

माण, खटाव, जत किंवा आटपाडीच्या माळावर मोठा उद्योग आणायची गोष्ट निघाली की आजकाल बॅटरीचं नाव हमखास येतं. युक्तिवाद ठरलेला असतो. ऊन आठ महिने आहे, वारा आहे, जमीन पडीक आहे, मग वीज स्वतःची स्वतः तयार करून त्यावर बॅटऱ्या का बनवू नयेत? विजेवरच्या गाड्या बनवणाऱ्या टेस्लाने अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात तेच केलं, असा दाखलाही जोडीला असतो. हा दाखला अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा समजून घ्यायला नेवाडा बघावं लागतं, पण त्याआधी आपल्याच भागात उजाड माळावर कारखाने कसे आले ते बघितलेलं बरं. आपल्याकडे हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच झालाय.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली आणि ते नव्या जागेच्या शोधात होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन दिली आणि 10,000 रुपये बिनव्याजी कर्जही दिलं. साल 1910. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान, त्यात नाग-साप. तिथे लोखंडी नांगरांचा कारखाना आणि त्याच्याभोवती वसाहत उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे. त्या वेळी मात्र औंध संस्थानाचे तुकडे आजूबाजूच्या ब्रिटिश मुलखात विखुरलेले होते आणि कुंडल हा त्यातलाच एक तुकडा.

ही गोष्ट सांगताना आपण निवडुंग आणि जिद्द यांवर थांबतो. मला स्टेशन जास्त महत्त्वाचं वाटतं. कोळसा आणि कच्चं लोखंड आत यायचं रुळांवरून, नांगर बाहेर जायचे रुळांवरून. राजा मेहेरबान होता म्हणून जमीन आणि भांडवल मिळालं, रेल्वे होती म्हणून ती जमीन उपयोगाची ठरली. माळ स्वस्त होता, पण नुसत्या स्वस्ताईवर कुणी कारखाना टाकत नाही. त्याच मार्गावर पुढे बघा. ओगले बंधूंचा काच कारखाना, प्रभाकर कंदील घराघरांत पोचवणारा, कऱ्हाड शहरात न येता स्टेशनजवळ ओगलेवाडीत आला. धनजीशा कूपर यांचा इंजिनांचा कारखाना सातारा शहरापासून लांब सातारा रोड स्टेशनला उभा राहिला. ज्या तालुक्यातून रूळ गेलेच नाहीत, त्या माणमध्ये असं नाव सांगायला एकही नाही. ऊन तेव्हाही तेवढंच होतं.

कोळशाची जागा विजेने घेतली तेव्हा हिशोब बदलायला हवा होता. कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीज 1962 मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी एमआयडीसी स्थापन झाली. आज कोयनेची स्थापित क्षमता 1,960 मेगावॉट आहे. पण कोयनेचं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात सोडलं जातं, वीज राज्याच्या जाळ्यात जाते, आणि धरणाच्या पूर्वेला दीडशे किलोमीटरच्या आत टँकरची वाट बघणारी गावं उरतात. पाटण तालुक्यातल्या लोकांनी त्यासाठी घरं-जमिनी सोडल्या, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप सोसला. वीज जिथे तयार होते तिथेच उद्योग येतो, ही समजूत सातारा जिल्ह्यात तरी टिकायला नको होती.

ती टिकली, आणि पवनचक्क्यांच्या वेळी परत नवी झाली. 1990 च्या दशकाच्या शेवटी वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघरच्या पठारांवर पाती फिरू लागली. सांगली जिल्ह्यात ढालगाव आणि गुढे-पाचगणीच्या बाजूला तेच झालं. वनकुसवड्याचा प्रकल्प सुमारे 259 मेगावॉटचा, कोयनेच्या जलाशयाच्या वरच्या पठारावर, त्या काळात देशातल्या मोठ्यांत गणला जाणारा. गुंतवणूक कुणाची होती? वाऱ्याची आवड असणाऱ्यांची नव्हे, कर वाचवणाऱ्यांची. पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा दाखवता यायचा, म्हणजे तिची सगळी किंमत करपात्र उत्पन्नातून वजा व्हायची, नंतर तो ऐंशी टक्के झाला. वर राज्याची विक्रीकरातली सवलत होती. पवनचक्की विकत घेणाऱ्या अनेकांनी पठारावर पाऊलही टाकलं नसेल. घसाऱ्याची ही सवलत 2012 मध्ये काढली तेव्हा देशभरात नव्या पवनचक्क्यांची उभारणी एकदम ढासळली, आणि 2014 मध्ये ती परत आणावी लागली. वारा तोच होता.

त्या काळात पावसाने ओढ दिली की पवनचक्क्या ढग पळवतात, असं गावोगाव बोललं जायचं. शास्त्राला त्यात काही सापडलं नाही. पण लोक असं का म्हणत होते ते समजण्यासारखं आहे. डोक्यावर पाती फिरतात, गावात मात्र लोडशेडिंग, आणि कामाला मिळालेली माणसं म्हणजे चार वॉचमन. एवढ्या मोठ्या यंत्राचा आपल्या पदरी काही हिशोब लागत नसेल तर माणूस काहीतरी कारण शोधणारच.

आता नेवाडा. फेब्रुवारी 2014 मध्ये टेस्लाने बॅटरीच्या महाकारखान्याचा आराखडा जाहीर केला. 5 अब्ज डॉलर गुंतवणूक, 2020 पर्यंत वर्षाला 35 गिगावॉट-तास सेल, 5 लाख गाड्यांना पुरतील एवढे, जोडीला पॅनासॉनिक. जाहीर केलेल्या चित्रात कारखान्याभोवती सौरपट्ट्या आणि पवनचक्क्या काढलेल्या होत्या. त्याच आराखड्यात चार राज्यांची नावं होती: नेवाडा, ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास. कॅलिफोर्निया मागाहून शर्यतीत आलं. खरं तर तिथूनच लिलाव सुरू झाला. कंपनीने नेवाडात उन्हाळ्यातच जमीन सपाट करायला घेतली होती, तरी शर्यत चालू ठेवली. सप्टेंबरमध्ये घोषणा झाली आणि आठवड्याभरात नेवाडाच्या विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन सवलती मंजूर केल्या. वीस वर्षं विक्रीकर नाही, दहा वर्षं मालमत्ता कर नाही, मिळून सुमारे 1.3 अब्ज डॉलर. 2022 मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर चिपचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा आपल्याकडे जो गदारोळ झाला, त्यातला खेळ याच जातीचा. नेवाडाचा कारखाना निदान उभा राहिला. वेदांता-फॉक्सकॉनची भागीदारी वर्षभरातच मोडली.

नेवाडातली जागाही नुसतं वाळवंट नव्हती. स्टोरी काउंटी हा चार-पाच हजार वस्तीचा भाग, एकोणिसाव्या शतकातल्या चांदीच्या खाणींसाठी ओळखला जाणारा. तिथे 1998 मध्ये काही व्यावसायिकांनी एका तेल कंपनीकडून लाखभर एकर माळ विकत घेऊन औद्योगिक वसाहत आखली होती. जमिनीच्या औद्योगिक वापराची मंजुरी आधीच घेऊन ठेवलेली, त्यामुळे बांधकामाचा परवाना महिन्याभरात हातात. जवळून आंतरराज्य महामार्ग 80 जातो, रेल्वे जाते, रेनो शहर तासाच्या आत आणि कॅलिफोर्नियातला टेस्लाचा गाड्यांचा कारखाना एका दिवसाच्या ट्रकप्रवासावर. वसाहतीतून दक्षिणेकडच्या महामार्गाला जोडणारा रस्ता सरकारने पुढे पूर्ण करून दिला. लिथियमची सिल्व्हर पीक इथली खाणही नेवाडातच आहे, म्हणून जागा तिथे निवडली असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. सेलच्या वजनात लिथियमचा वाटा अगदी थोडा असतो, ते कुठूनही आणता येतं. मोकळी, मंजूर, कुणाचा वाद नसलेली जमीन मात्र आणता येत नाही.

आणि ज्या ऊन-वाऱ्याचा दाखला आपण देतो, त्याचं काय झालं? इमारतीची दिशा अचूक उत्तरेला धरून आखली, छतावरच्या सौरपट्ट्यांचा विचार करून. नैसर्गिक वायूची पाइपलाइन मुद्दाम घेतली नाही, हा धाडसी निर्णय होता आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. 2016 च्या जुलैमध्ये कारखान्याचं उद्घाटन झालं, जानेवारी 2017 मध्ये सेलचं उत्पादन सुरू झालं. छत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं टप्प्याटप्प्याने भरत राहिलं, आणि चित्रातल्या पवनचक्क्या कारखान्याभोवती आल्याच नाहीत. कारखाना चालला तो प्रामुख्याने ग्रिडच्या विजेवर.

यात फसवणूक शोधायची गरज नाही, गणित केलं तरी पुरतं. एक युनिट वीज साठवणारे सेल बनवायला कारखान्यात साधारण 40 ते 60 युनिट वीज लागते. त्यातला मोठा वाटा इलेक्ट्रोड वाळवण्यात आणि हवा कोरडी ठेवण्यात जातो. लिथियम सेलमधल्या द्रवाला ओलावा चालत नाही, पाण्याशी संयोग झाला की त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. म्हणून जुळणीच्या खोल्यांतली हवा वाळवंटापेक्षाही कितीतरी पट कोरडी करावी लागते, आणि तीही रात्रंदिवस. 35 गिगावॉट-तास म्हणजे साडेतीन कोटी युनिट साठवणक्षमतेचे सेल. प्रत्येकी 50 युनिट धरले तर वर्षाला 175 कोटी युनिट वीज. कोयनेची वर्षभराची निर्मिती साधारण 300 कोटी युनिटच्या घरात असते. म्हणजे अर्ध्याहून जास्त कोयना एका कारखान्याला. वनकुसवड्यासारखा 259 मेगावॉटचा प्रकल्प क्षमतेच्या वीस टक्के चालला असं धरलं तर वर्षाला 45 कोटी युनिट देईल, तेव्हा असे चार लागतील. शिवाय आपला वारा जून ते सप्टेंबरचा. एप्रिलच्या दुपारी पठारावर गेलेल्याला उभी पाती दिसतात. सूर्य संध्याकाळी मावळतो आणि सुक्या खोल्या रात्रीही चालतात. बॅटरी बनवणाऱ्या कारखान्यालाच आधी मोठी बॅटरी लागते.

भारत सरकारने 2021 मध्ये बॅटरी सेलसाठी 18,100 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली, 50 गिगावॉट-तासांचं लक्ष्य ठेवून. त्यातून आणि त्याच्या बाहेरून आलेल्या मोठ्या घोषणा तमिळनाडूतल्या कृष्णगिरीकडे, गुजरातेत जामनगर आणि साणंदकडे गेल्या. ही सगळी बंदराच्या नाहीतर वाहन उद्योगाच्या जवळची ठिकाणं. त्यांत ओसाड म्हणून निवडलेलं एकही नाही.

मग माणदेश? बेंगळुरू-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी सातारा जिल्ह्यात आधी कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागाचं नाव होतं, पुढे माण तालुक्यातल्या म्हसवड-धुळदेवचं आलं. 2022 मध्ये त्यावरून दोन तालुक्यांत खडाजंगी झाली. आमच्यावर अन्याय, तुमचं राजकारण, वगैरे. त्या गोंधळात माळ कुणाच्या वापरात आहे, हे फार थोड्यांनी विचारलं. सरकारी नकाशावर पडीक दिसणारा माळ मेंढपाळांच्या वाटांनी भरलेला असतो. जतची माडग्याळ मेंढी आणि खिल्लार जनावरं याच गवतावर वाढलीत. शिवाय एमआयडीसी म्हटलं की 32/2 ची, म्हणजे जमीन संपादनाची, नोटीस आणि सातबाऱ्यावरचा शिक्का येतो. खंडाळा-शिरवळच्या बाजूला हा शिक्का ज्यांच्या उताऱ्यावर बसला, त्यांना विचारा. उद्योग येवो न येवो, शिक्क्याच्या जमिनीवर कर्ज मिळत नाही आणि गिऱ्हाईकही मिळत नाही. नेवाडात कारखान्यासाठी कुणाच्या शेताचं संपादन करावं लागलं नव्हतं.

आणि पाणी. सेल बनवण्याच्या कामात, शीतकरणात, ॲनोडचा लगदा कालवण्यात ते लागतंच. नेवाडाच्या त्या वसाहतीने शेवटी रेनोच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पाइपने आणायचा मार्ग धरला, कारण ट्रकी नदीच्या पाण्यावर खालच्या अंगाच्या पिरॅमिड लेक पायूट जमातीचा हक्क होता आणि तो त्यांनी कोर्टकचेऱ्या करून राखला होता. आपल्याकडे कृष्णेचं पाणी लवादाने वाटलेलं आहे. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560 टीएमसी दिले, त्यातला थेंबन्‌थेंब कुठल्या ना कुठल्या योजनेच्या नावावर आहे. माण-खटावला येणारं पाणी उरमोडीचं, जिहे-कठापूरचं आणि टेंभूचं, तेही बहुतेक ठिकाणी पंपांनी चढवून आणलेलं. या उपसा योजनांच्या वीजबिलाचे 81 टक्के सरकार भरतं आणि 19 टक्के शेतकरी, तरी थकबाकीमुळे पंप बंद पडायचे प्रसंग आलेच. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं तेव्हा मिरजेच्या पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत, जत तालुक्यात, टँकर चालू होते.

म्हणून या भागात सौर विजेचा सगळ्यात हिशोबी वापर सध्या कारखान्यासाठी नाही, पंपांसाठी योजला जातोय. म्हैसाळ योजनेचे पंप सौरऊर्जेवर चालवायचा प्रकल्प जर्मन विकास बँकेच्या कर्जातून आखला आहे. पाणी दिवसा चढवून तलावात साठवता येतं, त्याला रात्री चालू राहायची सक्ती नाही. ऊन जेव्हा असेल तेव्हा काम करणारं गिऱ्हाईक माणदेशात आधीपासून उभं आहे. म्हसवडच्या वसाहतीत उद्या बॅटरीवाला आलाच, तर त्याच्या विजेबद्दल कागदावर पुष्कळ लिहिलेलं असेल. गावसभेत पहिला प्रश्न विचारला जाईल तो असा: पाणी कुठल्या योजनेतून घेणार, आणि पाळी कुणाची कापणार?