लुसाकातील मॉल आणि बाजारपेठा

झांबियाची राजधानी लुसाका येथील किरकोळ व्यापार तीन ठिकाणी चालतो: कैरो रोडवरची जुनी दुकाने, सोवेतो आणि सिटी मार्केटसारखे खुले बाजार आणि १९९९ पासून उभे राहिलेले मॉल. मॉल आले म्हणून बाजार ओस पडले नाहीत. एकाच घरातली माणसे दोन्हीकडे जातात. कुठे जायचे ते बहुधा त्या दिवशी हातात किती पैसे आहेत यावर ठरते.

पूर्वपीठिका : १९३५ मध्ये राजधानी लिव्हिंग्स्टनहून लुसाकाला आली. दक्षिण आफ्रिकेतील केपपासून इजिप्तमधील कैरोपर्यंत सलग मार्ग नेण्याच्या ब्रिटिश स्वप्नावरून मुख्य रस्त्याला कैरो रोड हे नाव मिळाले. तिथली दुकाने गोऱ्यांची. आफ्रिकी गिऱ्हाइकाला आत प्रवेश नसे. बाजूच्या खिडकीतून माल हातात दिला जाई. १९५० च्या दशकात या खिडक्यांविरुद्ध बहिष्काराची आंदोलने झाली. भारतीय व्यापाऱ्यांसाठी, यांत बहुसंख्य गुजराती, कामवाला हा वेगळा भाग होता आणि सरकारदरबारी तो उघडपणे ‘दुसऱ्या दर्जाचा’ म्हणून ओळखला जाई. आजही स्वस्त कापड, चादरी, भांडी घ्यायला लोक कामवालाच गाठतात.

स्वातंत्र्यानंतर चार वर्षांनी, १९६८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा यांच्या मुलुंगुशी सुधारणांनी बिगर-नागरिकांच्या दुकानदारीवर बंधने आणली आणि अनेक मोठ्या कंपन्यांत ५१ टक्के हिस्सा सरकारकडे घेतला. पुढे सरकारी दुकानांतली रिकामी फडताळे आणि रांगा हे नेहमीचेच झाले.

मॉलचे आगमन : १९९१ च्या सत्तांतरानंतर खासगीकरण सुरू झाले. दक्षिण आफ्रिकेच्या शॉपराइट या सुपरमार्केट साखळीने सरकारी दुकाने विकत घेऊन १९९५ मध्ये पाय रोवला. १९९९ मध्ये ग्रेट ईस्ट रोडवर मॅन्डा हिल मॉल उघडला. मागोमाग आर्केड्स, लेव्ही, ईस्ट पार्क वगैरे आले. यांतली बरीच दुकाने दक्षिण आफ्रिकी साखळ्यांची, त्यामुळे पुष्कळसा माल सीमेपलीकडून ट्रकने येतो. टोमॅटो-बटाटेसुद्धा बाहेरून कशाला, ही स्थानिक शेतकऱ्यांची तक्रार जुनी आणि रास्त आहे. मॉलमधील गाळ्यांच्या भाड्याचे करार डॉलरमध्ये होत. २०१२ मध्ये सरकारने देशांतर्गत व्यवहार क्वाचा या झांबियाच्या चलनातच करण्याची सक्ती केली आणि २०१४ मध्ये ती मागेही घेतली.

बाजारातील व्यवहार : मक्याचे पीठ हे इथले मुख्य अन्न, ते उकळत्या पाण्यात घोटून न्शिमा करतात. सुपरमार्केटात २५ किलोची पोती रचलेली असतात, पांढरे बारीक ‘ब्रेकफास्ट’ आणि जाडेभरडे ‘रोलर’. रोजंदारीवरच्या माणसाला पोते परवडत नाही. वस्तीतली विक्रेती तेच पोते फोडून मापाने छोट्या प्लास्टिक पिशव्या भरते. या पिशवीला लोक ‘पामेला’ म्हणतात. किलोमागे ती महाग पडते, पण आजची चूल पेटते.

कपड्यांचेही तसेच. परदेशातून आलेल्या वापरलेल्या कपड्यांना ‘सलाउला’ म्हणतात. बेंबा भाषेत याचा अर्थ ढीग उपसून निवडणे. गठ्ठा फोडायच्या वेळी जाणकार गिऱ्हाइके आधीच घेराव घालून उभी असतात, कारण चांगला माल पहिल्या काही मिनिटांतच उचलला जातो. ऑफिसला जाणारेही इथे हक्काने येतात. कोपऱ्यावरच्या टपरीला ‘कंतेंबा’ म्हणतात.

रस्त्यावरच्या विक्रेत्यांना हटवण्याचे प्रयत्न वारंवार झाले. त्यांतला सर्वांत कठोर २०१७-१८ च्या कॉलरा साथीतला: लष्कराच्या मदतीने मध्यवर्ती भाग रिकामा केला गेला, मोठे बाजार काही काळ बंद राहिले. मॉल मात्र सुरू होते. साथ ओसरल्यावर विक्रेते हळूहळू परतले. आता त्यांच्याच शेजारी मोबाइल-मनीच्या रंगीत टपऱ्या आहेत. भाजीचे पैसेही अनेकदा फोनवरूनच चुकते होतात.