दार्जिलिंगचा माणूस 'नेपाळचा' नसतो

सोसायटीच्या गेटवरच्या माणसाला नाव न विचारताच 'बहादूर' म्हणायचं आणि 'गावी कधी, नेपाळला?' असं विचारायचं, ही आपली जुनी सवय. तो दार्जिलिंगचा किंवा देहरादूनचा असेल, तर त्याला याचं उत्तर तरी काय देता येणार?

'नेपाळी बोलतो म्हणजे नेपाळचा' हा समज चुकीचा आहे. नेपाळी ही भारताचीही भाषा आहे. 1992 साली 71व्या घटनादुरुस्तीने ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत आली, आणि त्याच दुरुस्तीत मणिपुरीबरोबर आपली कोंकणीही होती! गोव्याच्या माणसाला कोणी 'पोर्तुगालला कधी जाणार?' विचारलं तर कसं वाटेल?

कुमाऊँ-गढवाल (आजच्या उत्तराखंडातले) 1816च्या सुगौली तहानंतर नेपाळच्या हातून इंग्रजांकडे गेले. दार्जिलिंग इंग्रजांनी 1835 साली सिक्कीमच्या राजाकडून घेतलं, आणि पुढे चहामळ्यांवर राबायला नेपाळी बोलणारी कुटुंबं आली. त्यांच्या कित्येक पिढ्या इथेच जन्मल्या. घटना समितीत दार्जिलिंगचे अरी बहादूर गुरुंग होते. आझाद हिंद सेनेचे दुर्गा मल्ल देहरादूनजवळच्या डोईवाल्याचे. त्यांना इंग्रजांनी 1944 साली फाशी दिली.

गोंधळाला एक खरं कारणही आहे. 1950च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळचे नागरिक इथे राहून काम करू शकतात आणि आपल्या गोरखा रेजिमेंटमध्ये दोन्ही देशांचे जवान लढले आहेत. त्यामुळे चेहऱ्यावरून किंवा आडनावावरून काहीच कळत नाही. छेत्री, गुरुंग, थापा सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. भारतीय फुटबॉलचा कर्णधार राहिलेला सुनील छेत्री तर सिकंदराबादेत जन्मला.