पार्श्वभूमी : काचेच्या कपाटाशेजारचा माणूस

मुंबईत फोर्टातल्या घुमटाच्या संग्रहालयात (तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) निसर्ग विभाग उभा राहिला तो १९२०च्या दशकात. त्यासाठी प्राणी-पक्ष्यांचे नमुने मिळाले ते १८८३ साली आठ जणांनी मिळून काढलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या हौशी संस्थेकडून. त्या आठांत दोघे मराठी डॉक्टर होते, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

१९२६ साली या विभागात ‘गाइड लेक्चरर’ हे पद भरलं गेलं. पगार महिना ३५० रुपये. हा शब्दच मुळात घोळाचा. मराठीत ‘मार्गदर्शक व्याख्याता’ म्हटलं की व्यासपीठ डोळ्यांपुढे येतं, नुसतं ‘गाइड’ म्हटलं की पर्यटकांना फिरवणारा. काम दोन्हींहून वेगळं होतं. रोहित, धनेश, गवा काचेआड मांडलेले असतात. त्यांच्याशेजारी उभं राहून, हा पक्षी चोच अशी का वाकवतो हे पोरांना कळेल असं सांगणारा माणूस हवा होता. नेमला गेला तो तिशीचा, विद्यापीठाची पदवी नसलेला एक पक्षीवेडा, सलीम अली. १९२८मध्ये तो अभ्यासरजेवर गेला, बर्लिनच्या संग्रहालयात शिकला आणि १९३०मध्ये परतला, तेव्हा पदच उरलं नव्हतं. कारण दिलं गेलं निधी नसल्याचं.

नोकरी गेली म्हणून तो अलिबागजवळ किहीमला राहायला गेला. तिथे त्याने सुगरणीच्या घरट्यांचं निरीक्षण केलं. घरटी नर विणतो, मादी अर्धवट विणलेली घरटी पाहून पसंती ठरवते, आणि एकेक नर एकाहून जास्त संसार थाटतो, हे त्या निरीक्षणांतून पुढे आलं. नाव मात्र आपण बाईचं दिलंय! पुढे या माणसाचं नाव जगभर झालं, त्यामुळे पद गेलं ते बरंच झालं, असं म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. पक्षिशास्त्राचा फायदा झाला तो त्या माणसाच्या चिकाटीमुळे. पण सुगरणीची हीच गोष्ट ज्या शाळकरी पोरांना कपाटासमोर ऐकायला मिळाली असती, त्यांचं नुकसान कोणी मोजलं नाही. पेंढा भरलेले प्राणी जपायचे आणि ते समजावणाऱ्याला घरी पाठवायचं, हा हिशेब तेव्हाही चुकीचा होता.

नंतरच्या घडामोडी भराभर आल्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीतून नवे नमुने येण्याची वाट जवळपास बंद केली; जुनेच जपणं आणि त्यांतूनच शिकवणं आलं. १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. त्याआधीपासून प्राथमिक वर्गांत ‘परिसर अभ्यास’ होताच, आता वरच्या वर्गांत प्रकल्पवह्या आल्या. सहलीतली मुलं पाट्यांवरची नावं वहीत उतरवून घेऊ लागली. प्राण्याकडे पाहणं राहून गेलं. दरम्यान त्या जुन्या संस्थेने गोरेगावला, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, मुलांना थेट जंगलात नेणारं केंद्र उभारलं. तिथे काच नाही, पण सोबत चालणारा जाणकार आहे.

फोर्टातल्या संग्रहालयाने २०१५मध्ये फिरती बस काढली आणि २०१९मध्ये आवारातच मुलांसाठी वेगळं संग्रहालय उघडलं. बस शाळेच्या पटांगणात येऊन थांबते, आणि तिच्यासोबत मुलांशी बोलणारी माणसं असतात.