चूर्ण नको, मुळासकट झाड आणा
(सूज कमी करणाऱ्या वनस्पतींची चाचणी करून घेणाऱ्यांसाठी, आमच्या रबाळे एमआयडीसीतल्या लॅबकडून)

"नमुना कसा द्यायचा?" असे फोन रोज येतात, आम्ही रोज सांगतो, आणि तरी दर आठवड्याला कुणीतरी वस्त्रगाळ चूर्ण घेऊन दारात उभं असतं. म्हणून हा कागद छापला.

पुनर्नवेचंच घ्या. शोथ, म्हणजे सूज, म्हटलं की वैद्यांना आधी तीच आठवते, त्यामुळे आमच्याकडेही बरीच येते. पण बाजारात या नावाने दोन वनस्पती फिरतात. एक आपली घेटुळी, बोऱ्हाविया डिफ्यूसा: लांब दांड्यांवर बारीक जांभळट-गुलाबी फुलं आणि चिकट फळं. गोळा करून आलात तर पँटला लागलेली सापडतील. दुसरी ट्रायन्थेमा: पानं मांसल, फूल एकेकटं, पानाच्या बेचक्यात लपलेलं. दोन्ही पावसात उगवतात, जमिनीसरशी पसरतात. झाड हातात असेल तर ओळखायला दोन मिनिटं पुरतात; दळून आणलंत की सगळं सारखंच.

मागे एकांनी दह्याच्या डब्यात दोन किलो चूर्ण दिलं, वर चिठ्ठी: 'पुनर्नवा, १०० टक्के'. आम्हीही घाईत घेतलं, ती चूक आमची. अर्क, चाचण्या, तीन आठवडे गेले. मग त्याच पुरवठादाराकडून अख्खं झाड आलं, ते निघालं ट्रायन्थेमा. पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून ओळख पटल्याशिवाय आम्ही अर्क काढत नाही, आणि ओळखीचे पैसे वेगळे घेतो. ब्लॅटर हर्बेरियमचा (मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) दाखला आणलात तर ते लागणार नाहीत.

तर फूल-फळ धरलेली दोन झाडं, मुळासकट, वर्तमानपत्रात दाबून आणा. चाचणीचा माल निराळा: सावलीत वाळवलेला, पाव किलो, कागदी पिशवीत. कुठून, कधी उपटलं तेही लिहा. ओला पाला प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका. श्रावणात तुर्भ्याहून इथे येईतो त्याला वास सुटतो, आणि त्यात वाढलेल्या जिवाणूंचं विष अर्कात उतरलं की चाचणीतल्या आमच्या पेशी त्यानेच चेततात. मग औषधाचा गुण कुठे शोधायचा?

"दुसरीकडे दोन दिवसांत, निम्म्या पैशांत होतं." होत असेल. नुसती अल्ब्युमिनची चाचणी केली तर तेवढाच वेळ लागतो: प्रथिन तापवायचं, अर्काने ते गढूळ व्हायचं थांबतं का बघायचं. आम्हीही ती करतो, पण पहिली चाळणी म्हणून. टॅनिन (तुरट द्रव्य) जास्त असलेला अर्क प्रथिनाला स्वतःच चिकटतो, गडद रंग यंत्राला चकवतो, आणि आकडा फसवा येतो. म्हणून पुढे उंदराच्या रॉ २६४.७ पेशी (लॅबमध्ये वाढवलेल्या रोगप्रतिकारक पेशी) एलपीएसने, म्हणजे वर सांगितलेल्या जिवाणूंच्या विषाने, चेतवून, सूज येताना त्या सोडतात ते नायट्रिक ऑक्साइड अर्काने किती घटलं ते मोजतो. पेशी जिवंत आहेत ना, हेही सोबत तपासतो. मेलेल्या पेशींतही ते घटतंच. त्याला गुण म्हणायचं तर रोगी गेला आणि ताप उतरला.

उंदरांच्या पायावरची चाचणी आम्ही करत नाही. कॅरागीनन (आइस्क्रीम दाट करायला वापरतात तेच, समुद्री शेवाळातलं) पंजात टोचून सूज मोजायची ही पद्धत १९६२ पासून रूढ आहे, पण तिला प्राणिगृह आणि नीतिसमितीची परवानगी लागते. आधी पेशींवर बघून घ्या. जो अर्क तिथेच गळतो त्याच्यापायी उंदीरही वाया जात नाहीत आणि तुमचे पैसेही.

रिपोर्टवर 'सांधेदुखी बरी होते' असं लिहून मिळणार नाही, आकडे मिळतील.

उपटण्याआधी फुलाचा जवळून काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तेवढं फुकट बघून सांगतो.