कार्यालयीन संगणक बदलण्याचा निर्णय

कर्मचाऱ्याला कामासाठी दिलेला संगणक दुरुस्त करायचा, त्यात सुधारणा करायची, की तो काढून नवा द्यायचा हे ठरवण्याची पद्धत. लॅपटॉप ३ ते ४ आणि डेस्कटॉप ४ ते ५ वर्षांनी बदलावा, असा ढोबळ प्रघात अनेक संस्थांत आहे. त्यामागे मुख्यतः वॉरंटीचे गणित असते. व्यावसायिक श्रेणीच्या संगणकांना बहुधा ३ वर्षांपर्यंत वॉरंटी मिळते आणि जादा पैसे भरून ती पुष्कळदा ५ वर्षांपर्यंत वाढवता येते. अंदाजपत्रक आखायला हा प्रघात उपयोगी पडतो, पण समोरचे यंत्र काढावे की ठेवावे, हे केवळ त्याच्या वयावरून ठरवू नये. एकाच दिवशी घेतलेल्या दोन लॅपटॉपपैकी एक टेबलावरच राहिला आणि दुसरा रोज पाठपिशवीतून फिरला, तर चार वर्षांनी त्यांची अवस्था सारखी नसते.

ज्यापुढे तडजोड नाही असा निकष म्हणजे सुरक्षा अपडेट. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ ला टीपीएम २.० (कूटलेखनाच्या किल्ल्या जपणारा सुरक्षा घटक), सिक्युअर बूटची (फक्त विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणारी) सोय, ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर अधिकृत यादीत नाहीत. तरीही ‘संगणक पात्र नाही’ असा संदेश दिसला म्हणून लगेच तो मोडीत काढू नये. कित्येक यंत्रांत टीपीएम असते, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ मांडणीत) बंद ठेवलेले असते. संस्थांना विंडोज १० साठी पैसे भरून कमाल ३ वर्षे सुरक्षा अपडेट मिळू शकतात. मात्र त्याचा दर दरवर्षी दुप्पट होतो, आणि दुसऱ्या वर्षी सामील होणाऱ्याला पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. म्हणून ही सोय बदलाला थोडी उसंत मिळावी एवढ्यापुरतीच वापरावी. ॲपलच्या बाबतीत मॅकओएस २६ ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे.

बदलाची मागणी बहुतेक वेळा ‘संगणक हळू चालतो’ या तक्रारीतून येते, आणि इथेच सर्वाधिक पैसा वाया जातो. आधी रीस्टार्ट करावे. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करण्याची सोय) चालू असेल तर विंडोज नुसते शटडाउन केल्याने पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही, रीस्टार्टने होते. मग कर्मचाऱ्याचे नेहमीचे काम चालू असतानाच टास्क मॅनेजर (मेमरी, डिस्क आणि प्रोसेसरचा वापर दाखवणारी विंडोजची खिडकी) पाहावा. रिकाम्या संगणकावरचे आकडे निरुपयोगी असतात. मेमरी सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल आणि प्रोग्राम बदलताना डिस्कवर ताण येत असेल, तर रॅम कमी पडते आहे. डिस्क १०० टक्के व्यग्र, पण वेग सेकंदाला जेमतेम काही एमबी, असे दिसले तर यंत्रात बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यास पडणारा फरक कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी जाणवतो. प्रोसेसरचा वेग कामाच्या भरात मूळ वेगाच्याही खाली जात असेल आणि पंखा घोंघावत असेल, तर बहुधा उष्णता हे कारण आहे: जाळीत धूळ साचलेली असते किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) सुकलेली असते. कमी वॅटचा चार्जर लावल्यानेही बरेच लॅपटॉप स्वतःचा वेग उतरवतात. हे सगळे ठीक असेल, तर तेच काम त्याच जागेवर, त्याच नेटवर्कवर दुसऱ्या संगणकावर करून पाहावे. तोही रखडला तर दोष नेटवर्कचा किंवा सर्व्हरचा आहे, आणि नव्या संगणकाने तो जाणार नाही.

सुधारणेला मर्यादा आहेत. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते आणि वाढवता येत नाही. म्हणून ती खरेदीच्या वेळीच पुरेशी घ्यावी.

बॅटरी हे यंत्र बदलण्याचे कारण सहसा नसते. विंडोजच्या पॉवरसीएफजी आज्ञेने बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता ताडून पाहावी. फिरतीच्या कर्मचाऱ्याची बॅटरी मूळ क्षमतेच्या ६० टक्क्यांखाली उतरली असेल तर ती बदलावी. टचपॅड वर उचलला जाणे किंवा झाकण नीट न बसणे ही बॅटरी फुगल्याची खूण असू शकते. असे यंत्र तत्काळ बंद करावे. ते चार्जिंगला लावू नये आणि दाबून बसवू नये. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या स्मार्ट नोंदी ठेवते, त्यांत बदली आणि प्रलंबित सेक्टरांची (खराब झालेल्या किंवा संशयित जागांची) संख्या वाढत असेल तर त्याच दिवशी बॅकअप घेऊन डिस्क बदलावी. संगणकाचे घड्याळ वारंवार मागे पडत असेल तर बहुतेकदा मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. विंडोज डोमेनमध्ये (संस्थेची लॉगिन एका सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) घड्याळ ५ मिनिटांहून अधिक चुकले की लॉगिन अडू शकते, आणि चांगला संगणक ‘बिघडलेला’ म्हणून परत येतो.

वॉरंटी संपलेल्या, चार वर्षांवरच्या यंत्राचा मदरबोर्ड गेला तर दुरुस्ती टाळावी. एरवी दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झाला की यंत्र बदलावे, हा ठोकताळा बऱ्यापैकी टिकतो. त्यात रखडणाऱ्या यंत्रामुळे वाया जाणारा वेळ धरलाच पाहिजे. रोज १० मिनिटे आणि वर्षाला २४० कामाचे दिवस धरले तर ४० तास होतात, म्हणजे एका माणसाचा कामाचा एक पूर्ण आठवडा. हा तोटा कोणत्याही बिलावर छापलेला नसतो, म्हणून निर्णय घेणाऱ्यांना तो दिसत नाही. मात्र ती १० मिनिटे प्रत्यक्ष मोजलेली असावीत.

नवी यंत्रे हुद्द्यानुसार न देता कामाच्या भारानुसार द्यावीत. जुने यंत्र हलक्या कामाच्या कर्मचाऱ्याकडे वळवायचे असेल, तर त्याला निदान दोन वर्षांचा सपोर्ट उरलेला असावा. नाहीतर एका खरेदीसाठी दोनदा मांडणी करण्याचे श्रम वाया जातात. २०० संगणक ४ वर्षांच्या चक्रात असतील तर दरवर्षी ५० बदलावेत. सगळे एकदम घेतले की ते एकदमच जुने होतात. प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख, वॉरंटीची मुदत, सपोर्टची मुदत आणि तक्रारींची संख्या एका तक्त्यात नोंदवलेली असावी. निर्मितीत होणारे कार्बन उत्सर्जन हा लॅपटॉपच्या एकूण उत्सर्जनाचा मोठा भाग असतो, त्यामुळे सुरक्षित यंत्र आणखी एक वर्ष चालवणे पर्यावरणाच्याही फायद्याचे आहे.

जुने यंत्र काढताना बॅकअप नुसता घेऊन भागत नाही. त्यातल्या फायली नव्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि जुने यंत्र दोनेक आठवडे तसेच ठेवावे. खात्यांतून साइन-आउट करावे, ॲक्टिव्हेशन लॉक (ॲपलचे यंत्र जुन्या खात्याशी बांधून ठेवणारे कुलूप) आणि बायोसचा पासवर्ड काढावा. एसएसडीवर पुनर्लेखन करून माहिती खात्रीने पुसली जात नाही, कारण डिस्क लेखन आपल्या सोयीने वेगवेगळ्या जागी वाटते. तिथे उत्पादकाची सिक्युअर इरेज आज्ञा वापरावी किंवा आधीपासून कूटबद्ध असलेल्या डिस्कची किल्ली नष्ट करावी. अमेरिकेच्या मानक संस्थेच्या एनआयएसटी ८००-८८ या मार्गदर्शिकेत साफ करणे, खोलवर पुसणे आणि नष्ट करणे असे तीन स्तर दिले आहेत. चालू न होणाऱ्या डिस्कला आज्ञा देता येत नाही, म्हणून ती प्रत्यक्ष नष्ट करावी आणि अनुक्रमांकासह तशी नोंद ठेवावी.