गेमच्या सेव्हची मेमरी कार्डावरील प्रत : पुण्यातील वापर

व्हिडिओ गेम खेळताना खेळाडू कुठल्या टप्प्यावर पोहोचला, त्याने काय मिळवले, कोणती गाडी किंवा कोणता संघ त्याच्याकडे आहे, ही सगळी माहिती कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, ज्या छोट्या फाइलमध्ये साठवतो तिला ‘सेव्ह’ म्हणतात. मेमरी कार्डावर, म्हणजे कन्सोलच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या साठवण-कार्डावर, असलेल्या सेव्हची दुसऱ्या कार्डावर, पेन ड्राइव्हवर किंवा संगणकावर आणखी एक प्रत काढून ठेवणे म्हणजे सेव्हचा बॅकअप. एकाच कार्डावर एकाच गेमचे तीन सेव्ह केले तर तो बॅकअप होत नाही. कार्ड गेले की तिन्ही जातात. पुण्यात ही सवय मुख्यतः प्लेस्टेशन आणि प्लेस्टेशन २ या दोन कन्सोलच्या काळात रुजली आणि आज त्याच काळातली जुनी कार्डे वाचवण्यासाठी तिची पुन्हा गरज भासू लागली आहे.

कार्डाच्या आधी

नव्वदच्या दशकात मराठी घरांत टीव्हीला जोडायचे जे कॅसेटवाले गेम आले, ते बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉम या कन्सोलच्या नकला होते. त्यांच्यावर प्रगती साठवण्याची सोय सहसा नसायची. वीज गेली की खेळ पहिल्यापासून. काही गेम टप्पा संपल्यावर अक्षरांचा एक पासवर्ड दाखवत आणि मुले तो वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेत. सेव्हची ही हाताने काढलेली पहिली प्रत म्हणायला हरकत नाही. काही महागड्या कॅसेटींमध्ये बटणासारखा छोटा सेल बसवून त्यावर स्मृती जिवंत ठेवली जाई. तो सेल संपला की साठवलेले सगळे पुसले जाई.

काढता-घालता येणारे मेमरी कार्ड घरगुती कन्सोलवर १९९० मध्ये निओ जिओ या कन्सोलने आणले. ते सर्वसामान्य झाले मात्र सोनीच्या प्लेस्टेशनमुळे. हा कन्सोल जपानमध्ये डिसेंबर १९९४ मध्ये विक्रीला आला. त्याच्या कार्डात फ्लॅश मेमरी होती, म्हणजे सेल नसतानाही माहिती टिकत असे.

कार्डाच्या आत

पहिल्या प्लेस्टेशनच्या कार्डाची क्षमता फक्त १२८ किलोबाइट. आज मोबाइलवर आलेला एखादा साधा फोटोही त्यात मावणार नाही. ही जागा प्रत्येकी ८ किलोबाइटच्या १६ ब्लॉकमध्ये विभागलेली असते. पहिला ब्लॉक यादीसाठी राखीव, त्यामुळे खेळाडूच्या हाती १५ उरतात. एखादा गेम एका ब्लॉकवर भागवतो, एखादा चार-पाच ब्लॉक मागतो. ‘कार्ड भरलं’ ही तक्रार त्या काळी कायमची होती आणि धाकट्याच्या नव्या गेमसाठी दादाचा जुना सेव्ह उडवायचा की नाही, यावर घरोघरी भांडणे होत.

सेव्ह उडवल्यावर कार्डात नेमके काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. उडवताना कन्सोल ब्लॉकमधली माहिती पुसत नाही. यादीतल्या नोंदीवर ‘ही जागा मोकळी’ एवढी खूण तो बदलतो. त्या ब्लॉकवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना सेव्ह तिथेच पडून असतो. म्हणून चुकून उडालेला सेव्ह, कार्ड लगेच बाजूला ठेवले तर, संगणकावरच्या साधनांनी परत आणता येतो. कार्डाला हात न लावणे हाच अशा वेळचा पहिला उपाय. फॉरमॅट केलेल्या, म्हणजे पूर्ण कोरे केलेल्या, कार्डाबाबत मात्र अशी आशा धरून बसू नये.

मार्च २००० मध्ये जपानमध्ये आलेल्या प्लेस्टेशन २ चे कार्ड ८ मेगाबाइटचे, म्हणजे आधीच्या ६४ पट. त्यात लिहिलेल्या माहितीतल्या किरकोळ चुका दुरुस्त करण्याची सोय होती आणि मॅजिकगेट नावाची सांकेतिक सुरक्षाही होती. आधीच्या कन्सोलचे गेम या नव्या यंत्रावर चालत, पण त्यांना सेव्ह करायला जुनेच कार्ड लागे. नव्या कार्डावर जुन्या सेव्हची प्रत ठेवता येते. खेळायचे झाल्यास ती परत जुन्या कार्डावर आणावी लागते. ज्याच्या घरी एकच जुने कार्ड शिल्लक आहे त्याच्यासाठी ही सोय मोलाची आहे.

प्रत काढण्याची रीत

दोन्ही कन्सोलना कार्डाच्या दोन खाचा असतात. डिस्क न घालता कन्सोल सुरू केला की कार्डातले सेव्ह दाखवणारा पडदा उघडतो. एका खाचेत मूळ कार्ड, दुसरीत रिकामे कार्ड घालून हवा तो सेव्ह निवडायचा आणि कॉपी करायचा. काम मिनिटाभराचे आहे. त्यात चूक एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे दिशेची. जुनी प्रत नव्या सेव्हवर चढवली की महिन्यांचा खेळ गेला. कार्डांवर पांढरी पट्टी चिकटवून ‘मूळ’ आणि ‘प्रत’ असे लिहून ठेवणे हा त्यावरचा साधा आणि पुरेसा उपाय.

तारखेवर भरवसा ठेवू नये, हेही इथेच सांगायला हवे. प्लेस्टेशन २ चे घड्याळ आतल्या एका सेलवर चालते. तो सेल संपला की कन्सोल दर वेळी तारीख-वेळ विचारतो, आणि मुले काहीही न भरता पुढे जातात. मग कालच्या सेव्हवर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दिसते. दोन प्रतींपैकी नवी कोणती हे ठरवायचे असेल तर गेम उघडून आतला खेळलेला वेळ किंवा टप्पा पाहावा.

काही गेमचे सेव्ह कॉपी होत नाहीत, कारण निर्मात्यांनी त्यांना कुलूप घातलेले असते. अशा वेळी गेममध्येच जाऊन दुसऱ्या खाचेतल्या कार्डावर पुन्हा सेव्ह करणे हा मार्ग बहुतेकदा मोकळा असतो.

वीज आणि गुरुवार

‘सेव्ह होत असताना कार्ड काढू नका, वीज बंद करू नका’ ही पडद्यावरची सूचना पुण्यात अनेकांना अनुभवाने पटली. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर माहिती अर्धी नवी, अर्धी जुनी राहते आणि गेम तो सेव्ह ‘करप्ट’, म्हणजे खराब, म्हणून नाकारतो. लिहिणे यादीवर चालू असेल तर इतर गेमचे सेव्हही दिसेनासे होऊ शकतात.

प्लेस्टेशन २ चा भराचा काळ आणि महाराष्ट्रातल्या भारनियमनाचा काळ एकच. २००६ मध्ये पुण्यात उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांचा आधार घेऊन आणि ग्राहकांकडून थोडा जादा आकार घेऊन भारनियमन टाळण्याची योजना राबवली गेली. ती ‘पुणे मॉडेल’ म्हणून राज्यभर चर्चेत होती. तरी दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद राहणे पुणेकरांच्या अंगवळणी पडलेले आहे आणि वळवाच्या पावसात झाडाची फांदी तारेवर पडणे कुठल्याच योजनेने थांबलेले नाही. घरचा साधा इन्व्हर्टर वीज गेल्यावर सुरू व्हायला क्षणभर घेतो. पंख्याला तेवढे चालते, कन्सोल मात्र बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. खेळणाऱ्यांनी यातून काढलेली वाट अशी: गेममध्ये सेव्हच्या दोन जागा घ्यायच्या आणि आलटून पालटून त्यांवर सेव्ह करायचे. एक अर्धवट लिहिला गेला तरी आधीचा शाबूत राहतो. याला बॅकअप म्हणता येत नाही, पण विजेपुरता हा बंदोबस्त चांगला आहे.

पार्लरमधले कार्ड

ज्यांच्या घरी कन्सोल नव्हता ते तासाचे पैसे मोजून गेम पार्लरमध्ये खेळत. तिथले कार्ड सगळ्यांचे, म्हणजे कोणाचेच नाही. क्रिकेटची अर्धी मालिका खेळून गेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी येई तेव्हा त्याच जागेवर दुसऱ्याने आपला सेव्ह चढवलेला असे. त्यामुळे नेमाने खेळणारे स्वतःचे कार्ड खिशात घेऊन येत. कन्सोल विकत घेण्याआधी कार्ड विकत घेणे हा उलटा वाटणारा क्रम त्यामुळेच होता. पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तेच सोयीचे होते: कन्सोल एकाच्या खोलीवर, कार्डे ज्याची त्याची.

कार्ड मित्राकडे नेले आणि सेव्ह दिसतच नाही, हा प्रकारही नेहमीचा. दोष बहुधा कार्डाचा नसतो. प्रत्येक सेव्हच्या नावात डिस्कचा प्रदेश आणि क्रमांक गुंफलेला असतो. अमेरिकी आवृत्तीच्या सेव्हचे नाव ‘बीए’ या अक्षरांनी, युरोपीयचे ‘बीई’ने आणि जपानीचे ‘बीआय’ने सुरू होते. भारतात अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या डिस्का युरोपीय पद्धतीच्या. नकली डिस्का मात्र कुठल्याही प्रदेशाच्या असत. मूळ डिस्कवर केलेला सेव्ह मित्राच्या नकली अमेरिकी डिस्कला दिसत नाही, आणि घाबरून कार्ड फॉरमॅट करणाऱ्याचे मग खरोखरच नुकसान होते. आधी कन्सोलच्या पडद्यावर सेव्ह दिसतो का ते पाहावे. तिथे दिसत असेल तर कार्ड ठीक आहे.

नकली कार्डे आणि जुनी कार्डे

कंपनीच्या कार्डापेक्षा स्वस्त, बिनानावाची कार्डे बाजारात भरपूर होती. पहिल्या प्लेस्टेशनसाठी बटण दाबून ‘पाने’ बदलणारी कार्डे मिळत, प्रत्येक पानावर पंधरा ब्लॉक. प्लेस्टेशन २ साठी १६, ३२, ६४ मेगाबाइटची कार्डे आली. जागा जास्त, भरवसा कमी. ती बनवणाऱ्यांनी मूळ रचना ताणलेली असल्याने काही गेमना ती ओळखताच येत नाहीत, आणि भरत आली की सेव्ह खराब होण्याचे प्रमाण वाढते. मोठ्या स्वस्त कार्डावर मूळ सेव्ह ठेवू नये. फार तर तिसरी प्रत तिथे ठेवावी.

आज ही कार्डे पुण्यात शोधायची तर जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारावी लागते, किंवा जुने कन्सोल दुरुस्त करणाऱ्यांकडे विचारावे लागते. कार्डाचे संपर्क साफ करायला लागणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल, घड्याळाचा सेल, सोल्डरिंगचे सामान हे बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात सहज मिळते. विकत घेतलेल्या जुन्या कार्डात अनेकदा कोणा अनोळखी मुलाचे सेव्ह सापडतात, नाव टाकलेले संघ, निम्म्यात सोडलेल्या मोहिमा. फॉरमॅट करण्याआधी त्यांची एक प्रत काढून ठेवावी असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे. शहरातल्या मुलांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काय आणि कसे खेळले याचा दुसरा पुरावा फारसा उरलेला नाही.

पावसाळ्यात कपाटातल्या दमट हवेने कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात आणि कन्सोल ‘कार्ड नाही’ असे दाखवतो. आतली माहिती बहुतेकदा शाबूत असते. कापसाच्या काडीला थोडे अल्कोहोल लावून पट्ट्या पुसाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात, मगच कार्ड खाचेत घालावे. कार्ड ओळखले गेले की खेळायला न बसता आधी प्रत काढावी, कारण ते पुढच्या वेळी ओळखले जाईलच याची खात्री नसते. ठेवताना डबीत सिलिकाची पुडी टाकावी.

संगणकावर नेणे

कार्डावरून कार्डावर काढलेली प्रत शेवटी तितक्याच जुन्या वस्तूवर राहते. म्हणून आता कल संगणकाकडे आहे. १९९८ मध्ये आलेल्या डेक्सड्राइव्ह या उपकरणाने पहिल्या प्लेस्टेशनचे कार्ड संगणकाच्या सीरियल पोर्टला जोडता येई. पुढे सोनीनेच प्लेस्टेशन ३ साठी यूएसबीवर चालणारे कार्ड अ‍ॅडॉप्टर काढले. ते आज दुर्मीळ आहे. त्यामुळे सर्वाधिक वापरात असलेला मार्ग फ्री एमसीबूटचा. एका खऱ्या मॅजिकगेट कार्डावर हे सॉफ्टवेअर बसवले की प्लेस्टेशन २ सुरू होतानाच ते वाचतो, फाइल हाताळण्याचा प्रोग्राम उघडता येतो आणि सेव्ह थेट पेन ड्राइव्हवर उतरवता येतात. पेन ड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. कन्सोलचे यूएसबी फारच संथ आहे, पण सेव्ह काही किलोबाइटचे असल्याने ते जाणवत नाही. शेवटच्या काळातल्या काही ९०००० मालिकेच्या कन्सोलवर हा मार्ग चालत नाही.

संगणकावर आलेला सेव्ह पीसीएसएक्स२ सारख्या एम्युलेटरच्या, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या, आभासी कार्डात घालून खेळता येतो. एम्युलेटरमध्ये ‘सेव्ह स्टेट’ नावाची वेगळी सोय असते. ती त्या क्षणाची यंत्राची संपूर्ण स्थिती साठवते, आणि एम्युलेटरची आवृत्ती बदलली की अनेकदा उघडत नाही. जपून ठेवायची ती आभासी कार्डाची फाइल. तिच्यातला सेव्ह पुन्हा खऱ्या कार्डावरही नेता येतो.

पुढचे कन्सोल

पुढे कार्डाचे महत्त्व घटत गेले. सोनीच्या हातात धरून खेळायच्या पीएसपी या कन्सोलचे सेव्ह त्याच्या मेमरी स्टिक या कार्डावरच्या ‘सेव्हडेटा’ फोल्डरमध्ये असतात आणि तो फोल्डर संगणकावर सरळ ओढून घेतला की काम झाले; इतका सोपा बॅकअप त्यानंतर क्वचितच कुठे मिळाला. प्लेस्टेशन ३ आणि ४ वरून सेव्ह पेन ड्राइव्हवर घेता येतात. प्लेस्टेशन ५ च्या स्वतःच्या गेमना ती सोय नाही. त्यांच्या सेव्हची प्रत सशुल्क सदस्यत्व घेऊन क्लाउडवर ठेवता येते. निन्टेंडो स्विचमध्ये मायक्रोएसडी कार्ड घालता येते, त्यावर गेम उतरवता येतात, पण सेव्ह मात्र कन्सोलच्याच आतल्या स्मृतीत राहतात. कन्सोल दुरुस्तीला देताना कार्ड काढून घेतले म्हणजे सेव्ह आपल्याकडे राहिले, असा समज स्विचच्या बाबतीत चुकीचा आहे.