ढलपी पडते, धूळ उरते
इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याच्या थडग्यात इ.स.पूर्व 300 च्या सुमाराचं एक कोरीव चित्र आहे. एक जण पट्टा ओढून लाकूड फिरवतोय, समोरचा त्यावर हत्यार टेकवून बसलाय. कातकामाच्या जुन्यात जुन्या चित्रांपैकी हे एक. त्यानंतरही शतकानुशतकं बहुतेक कातारी हातापायाच्या जोरावरच काम करत राहिले.

इंग्लंडमध्ये हाय विकमच्या आसपास बीचच्या जंगलात खुर्च्यांचे पाय कातणारे ‘बॉजर’ तर विसाव्या शतकापर्यंत पायटा दाबून, लवचीक खांबाला बांधलेल्या दोरीने लाकूड फिरवत. झाड पाडायचं आणि ओलं असतानाच कातायचं. ओल्या लाकडातून धारदार पटाशीखाली लांब, दमट, कुरळ्या ढलप्या निघतात आणि पायाशी पडतात. हवेत फारसं काही उडत नाही.

धूळ वाढली ती वाळवलेलं लाकूड, मोटार आणि काचकागद एकत्र आल्यावर. जॉन ओकीने लंडनमध्ये 1833 पासून काचकागदाचं कारखानदारी उत्पादन सुरू केलं. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या यंत्रावर, फिरत्या वाडग्याला 240 नंबरचा बारीक काचकागद लावून बघा. खिडकीतून उन्हाची तिरीप येत असेल तर धूर निघाल्यासारखा दिसतो. दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइटवरून बोट फिरवलं की पिठासारखा थर हाताला लागतो. त्याहून वाईट ते न दिसणारं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो. फुप्फुसात खोल उतरणारे कण 10 मायक्रॉनहूनही बारीक असतात आणि लेथ थांबल्यावरही तरंगत राहतात.

वैद्यकाला जाग आली तीही हाय विकममध्येच. नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण फर्निचर कारखान्यांतूनच जास्त येतात, हे तिथल्या कान-नाक-घसा शल्यविशारद एस्मे हॅडफील्ड यांच्या ध्यानात आलं. 1968 मध्ये डोनाल्ड अ‍ॅचिसन आणि इतरांसह त्यांनी ते प्रसिद्ध केलं. धुळीशी पहिली गाठ पडल्यापासून आजार दिसेपर्यंत कित्येक दशकं जातात, म्हणून कारण पकडायला इतका उशीर लागला. 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे पक्कं ठरलेल्यांत टाकली.

फुप्फुसांची गोष्ट वेगळी. कॅनडात मोइरा चान-युंग यांनी 1970 च्या दशकात वेस्टर्न रेड सीडर या झाडाच्या लाकडाच्या धुळीने होणारा दमा अभ्यासला. त्याचं मूळ लाकडातल्या प्लिकॅटिक आम्लात निघालं. हा दमा पुष्कळदा कामावरून घरी गेल्यावर, संध्याकाळी किंवा रात्री उसळतो. साहजिकच कामगाराचा संशय धुळीवर जातच नाही.

कायदा मात्र रेंगाळला. अमेरिकेत 1989 मध्ये लाकडाच्या धुळीला वेगळी मर्यादा घातली गेली. 1992 मध्ये न्यायालयाने इतर शेकडो मर्यादांसोबत तीही उडवली आणि लाकूड पुन्हा नुसत्या ‘त्रासदायक धुळी’त जमा झालं. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला 5 मिलिग्रॅम होती, ती 2023 पासून 2 वर आली.

साधनांचं म्हणाल, तर धूळ ओढून घेणारे पिशवीवाले साधे डस्ट कलेक्टर ढलप्या छान गिळतात, पण सैल विणीच्या पिशवीतून बारीक भुकटी परत खोलीतच सोडतात. फरशी स्वच्छ दिसते एवढंच. मास्कची पंचाईत दाढीपाशी होते, कडेने फट राहते. त्यावर उपाय सापडला खाणकामात: 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये खाणकामगारांसाठी बॅटरीच्या पंख्याने गाळलेली हवा चेहऱ्यावर सोडणारं हेल्मेट तयार झालं. पुढे कातारी मंडळींनी ते उचललं, कारण समोरची काच उडणारं लाकूडही अडवते. लेथ बंद झाला की ते लगेच काढून ठेवायची खोड मात्र अजून गेलेली नाही, माझीसुद्धा.